खंडेनवमीला बदललेले ब्रेक

त्या सकाळची घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मेअधिक आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण कालव्याच्या उताराखाली आडवी पडलेली ती बस जशीच्या तशी समोर येते.

तेव्हा मी बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी जवळ आलेली. सकाळी साडेसहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराचा फोन आला, "साहेब, कामगारांची बस कालव्याच्या चारीत गेलीय. माणसं अडकलीत." एका खाजगी वाहतूक कंपनीची ती गाडी. बारामतीकडची माणसं भरून रोज लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला न्यायची. त्यात बायकाच जास्त.

आम्ही पोचलो तेव्हा गावकऱ्यांनी बहुतेकांना बाहेर काढलं होतं. एका बाईचा पाय सीटच्या लोखंडात अडकला होता. गॅस कटर येईपर्यंत ती शुद्धीवर होती आणि ओरडतही नव्हती. कुणाचा जीव गेला नाही, पण चौदा जण जखमी झाले. त्या बाईचा उजवा पाय डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला.

चालक रस्त्याच्या कडेला बसला होता. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, प्रवासी त्याला आबा म्हणायचे. कपाळातून रक्त वाहत होतं. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "माजी चूक झाली सायेब. डुलकी लागली." गावकरी जखमींपाशी होते. त्याच्याजवळ एकच माणूस उभा होता, आमच्याही आधी पोचलेला कंपनीचा मालक. सगळे त्याला शेठ म्हणत.

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. खरं सांगतो, मलाही ते सोयीचं होतं. चालक कबूल, रस्त्यावर टायर घासल्याची खूण नाही, म्हणजे ब्रेक दाबलाच नव्हता, म्हणजे झोपला होता. दुपारपर्यंत गुन्हा दाखल, आरोपी हजर. वर कळवायला सुटसुटीत.

घटनास्थळाचा पंचनामा आमच्या हवालदारांनी लिहिला. त्यांना माझी सक्त ताकीद असायची की दिसेल ते सगळं लिहायचं, उपयोग काय ते नंतर बघू. म्हणून त्यांनी फुटलेली काच, विखुरलेले डबे आणि समोरच्या जाळीला बांधलेली सुकलेली झेंडूची माळसुद्धा लिहिली होती.

तिसऱ्या दिवशी मी बारामतीच्या दवाखान्यात त्या बाईचा जबाब घ्यायला गेलो. ती पिंपळीची. चाळिशीतली, आवाज खणखणीत. मी खुर्ची ओढायच्या आत तिनेच सुरुवात केली.

"आबा झोपला हुता असं लिवलंय म्हनं तुमी?"

"त्यानेच तसं सांगितलंय, ताई."

"खोटं बोलतोय त्यो. मी पयल्याच शिटावर हुते. झोपलेला मानूस 'धरून बसा गं पोरींनो' म्हनून वरडतो व्हय? पाय नुसता आपटत हुता, आन् गाडी आपली पळतीय. म्होरं ट्रॅक्टर, ट्रॉलीत ऊसतोड्यांची बायकापोरं बसल्याली. त्यानं बगितलं आन् गाडी चारीत घातली. झोपेत कुनी असं करतं का?"

"मग तो डुलकी का म्हणतोय?"

"ते तुमी शोदा की. पाय माजा गेलाय सायेब. ज्यानं न्हाय नेला त्याच्यावर खापर फोडून मला काय मिळनार? त्यो मानूस झोपला हुता असं म्या कुटंबी अंगठा देनार न्हाय."

तिला सही येत होती. रागाच्या भरात ती अंगठा म्हणाली. तिचा जबाब मी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि ठाण्यात परत येताना स्वतःवरच चिडलो. ब्रेक दाबला नाही तर टायर घासल्याची खूण उमटत नाही, तशी दाबूनही तो लागला नाही तरी उमटत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

आबाला बोलावलं. दोन तास विचारलं. गोडीत विचारलं, आवाज चढवून विचारलं. एकदा तर टेबलावर असा हात आपटला की चहाचा कप खाली गेला. तो जागचा हलला नाही.

"डुलकीच लागली सायेब."

"ती बाई सांगतेय तू ओरडलास. तिचा पाय गेलाय, तरी ती तुझी बाजू घेतेय."

हे ऐकून त्याने मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी टपटप पडायला लागलं. पण तोंडातून तेच, "डुलकीच लागली." बावीस वर्षं तो त्या शेठकडे नोकरीला होता. नाकासमोर चालणारा माणूस खोट्यावर अडून बसला की सराईत चोरापेक्षा अवघड जातो, हे मी तेव्हा पाहिलं.

दरम्यान मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक धरून थांबवणारे पट्टे, पार खालच्या रिव्हेटपर्यंत झिजलेले, आणि ही झीज अपघाताने झालेली नाही. मला वाटलं, आता शेठ सापडला. नोटीस काढली. शेठ वकील आणि मॅनेजर घेऊन आला. पांढरे कपडे, बोलणं अगदी मऊ. फायलीतून एक जॉबकार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. इंदापूरच्या एका गॅरेजचं. अपघाताच्या बारा दिवस आधी त्याच बसचे चारही चाकांचे लायनर नवे घातल्याची नोंद, वर मिस्त्रीची सही. सोबत रोज सकाळच्या तपासणीचे कागद, प्रत्येकावर 'ब्रेक ठीक' आणि खाली आबाची सही.

"साहेब, आम्ही काळजी घेतो. पण चालक दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणार, वर झोपणार, तर कंपनीने काय करायचं?" शेठ म्हणाला.

कागद चोख होते. मी ते ठेवून घेतले आणि त्यांना जाऊ दिलं. त्या संध्याकाळी ठाण्याच्या दारात उभा होतो, तर त्याच कंपनीची दुसरी बस समोरून गेली. खचाखच भरलेली, दारात माणसं उभी. तिचे ब्रेक कसे आहेत हे मला माहीत नव्हतं आणि तिला अडवायला माझ्याकडे आधार नव्हता. पुढचे दोन दिवस ठाण्यातला फोन वाजला की अंमलदाराच्या आधी मीच उचलायचो. कुठल्या उताराचं नाव ऐकावं लागतंय कोण जाणे!

तिसऱ्या दिवशी दुपारी केस डायरी पुरी करत होतो. हवालदार पंचनामा वाचत होते, मी ताडून बघत होतो. झेंडूच्या माळेपाशी ते थांबले आणि हसले.

"साहेब, उगाच लिहिली ही माळ. आपल्या जीपलाही आहे अजून. खंडेनवमीला मीच बांधलेली. तुम्ही म्हणाला होता, काढू नका, आपोआप पडेल."

"बसलाही नवमीलाच बांधली असणार?"

"दुसरं काय? त्यांच्या यार्डात दरवर्षी सगळ्या गाड्यांची पूजा असते. त्या दिवशी एक गाडी बाहेर पडत नाही."

मी जॉबकार्ड ओढलं, तारीख पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. बारा दिवस आधीची ती तारीख नेमकी खंडेनवमीची. दसऱ्याचा आकडा लाल छापलेला, नवमीचा साधा काळा. ज्याने कार्ड लिहिलं त्याने लाल आकडे टाळले होते.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, आम्ही पोलीस ठाण्यात बंदुका पुजतो. आणि मिस्त्री पाने, जॅक, हातोडे धुऊन, पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी त्या पान्याने एक नट फिरवला जात नाही. त्या दिवशी चार चाकं खोलून लायनर बदलले? काहीतरी पाणी मुरत होतं.

लगेच जीप काढली. गॅरेज इंदापूरच्या बाजाराजवळ. मिस्त्री तिशीतला. त्याचे वडील, ज्यांनी ते गॅरेज उभं केलं, दारातच स्टुलावर बसलेले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. मी मुद्दाम मुलाला आत नेलं नाही. तात्यांच्या समोरच विचारलं.

"हे जॉबकार्ड तुझंच?"

"व्हय साहेब."

"लायनर तूच बदललेस? ह्याच तारखेला?"

"व्हय. म्हंजी... दिवसभर काम चाललं हुतं."

"तात्या," मी म्हातारबांकडे वळलो, "खंडेनवमीला तुमच्याकडे दिवसभर काम चालतं का हो?"

म्हातारा ताडकन उठला. "कोन म्हनतं? चाळीस वर्सं झाली, नवमीला हितं पान्याला हात लागला न्हाय! आरती माज्या हातानं केली मी." मग मुलाकडे बघून, "काय रं? पुजेतला पाना उचललास तू? बोल की! उचललास?"

मिस्त्रीला दरदरून घाम फुटला. पोलिसांसमोर खोटं रेटणं त्याला जमत होतं, ते मी पाहिलं होतं. पण पूजेतला पाना उचलला हे बापासमोर कबूल करणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. तो खालीच बसला.

"न्हाय उचलला तात्या. देवाशप्पत न्हाय. कामच केलं न्हाय. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला हुता, त्यानं लिवून घेतलं. रविवार नको, दसरा नको, एवढंच बगितलं आमी."

तात्यांनी त्याला शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. मला मात्र त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

पुढचं आणखी वाईट होतं. महिन्याभरापूर्वी हीच बस गॅरेजला आली होती. लायनर संपलेत, गाडी रस्त्यावर काढू नका, असं मिस्त्रीने मॅनेजरला मोबाइलवर बोलून पाठवलं होतं. तो आवाज अजून फोनमध्ये होता आणि मॅनेजरचं उत्तरही होतं. "दिवाळीनंतर बघू." पंच बोलावून मी तो मोबाइल जप्त केला.

ठाण्यात आबासमोर तेवढंच वाजवलं. दिवाळीनंतर बघू. आबाच्या तोंडाचं कुलूप गळून पडलं.

"चारदा सांगितलं सायेब शेठला. म्हनले, सही कर आन् गाडी काड, न्हायतर घरी बस. आन् त्या दिवशी चारीपाशी म्हनले, ब्रेकचं नाव काडलंस तर म्हाईत असून गाडी चालवली म्हनून तूच जन्मभर आत जाशील. डुलकीचं काय, डुलकी कुनालाबी लागती."

दुसऱ्या दिवशी परिवहन विभागाने कंपनीच्या सगळ्या गाड्या यार्डातच थांबवून तपासल्या. आणखी तीन गाड्यांचे ब्रेक तसेच निघाले. त्यातली एक मी ठाण्याच्या दारातून पाहिलेली. शेठ आणि मॅनेजर यांच्यावर बनावट कागद, पुरावा दडवणं, माणसांचा जीव धोक्यात घालणं अशी कलमं लागली. पुढे दोघेही दोषी ठरले. आबाला न्यायालयाने समज देऊन सोडलं. मिस्त्री साक्षीदार झाला आणि तात्या सुनावणीला त्याच्या शेजारी येऊन बसले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. अपघातात चालक समोर असतो, रक्ताने माखलेला असतो, म्हणून हात पहिला त्याच्याच मानेवर पडतो. गाडी रस्त्यावर कुणी काढली, हा प्रश्न विचारायला यार्डापर्यंत चालत जावं लागतं. मी ते अंतर चाललो, पण उशिरा, आणि तेही एका पाय गमावलेल्या बाईने ढकललं तेव्हा.

दोषारोपपत्र पाठवायच्या आदल्या दिवशी ती ठाण्यात आली. कुबड्या नव्या होत्या, पायरीवर चुकत होत्या. हात द्यायला गेलो तर तिने नको म्हटलं. खुर्चीत बसली आणि थेट म्हणाली, "आबाचं नाव काडा त्यातनं."

"झोपला होता हे काढलंय, ताई. पण नाव राहणार. ब्रेक नाहीत हे ठाऊक असून त्याने माणसं भरून गाडी चालवली. कायद्याने तो गुन्हा आहे."

"ठाऊक तर आमालाबी हुतं." ती शांतपणे म्हणाली. "गाडी कवा थांब्यावर थांबली न्हाय. म्होरं जायाची, आमी डबं सावरत मागं पळायचो. हसायचो वर. एकीलाबी वाटलं न्हाय की बसू नये. मग आमचंबी नाव लिवा."

"चहा घ्या" म्हणालो. तिने घेतला नाही.

तिला जे सांगायची हिंमत झाली नाही ते इथे लिहितो. त्याच वर्षी गणपतीच्या बंदोबस्ताला आमची माणसं न्यायला त्याच कंपनीची बस आली होती. ठाण्याच्या फाटकाशी थांबायला हवी होती, ती वीसएक पावलं पुढे जाऊन थांबली. काठ्या सावरत आम्ही सगळे हसत तिच्यामागे पळालो. सगळ्यात आधी मी चढलो, आबाच्या शेजारच्या सीटवर बसलो, आणि गाडी वेळेवर पाठवली म्हणून शेठला फोन करून आभार मानले.