लवकर पडलेली झांज

माझं सोलापुरात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, सत्तरच्या दशकातली गोष्ट. गणपतीच्या आधी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला एक माणूस दरवर्षी यायचा. त्यानं नाव कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि आरत्यांच्या रेकॉर्डी बघायला मागायचा.

एकाच आरतीच्या माझ्याकडं बऱ्याच रेकॉर्डी होत्या, लेबल सगळ्यांचं सारखं. तो एकेक उजेडात तिरकी धरायचा आणि लेबलाभोवतीच्या, गाण्याच्या खाचा नसलेल्या पट्ट्यावर अंगठ्याचं नख फिरवायचा. तिथं कोरलेल्या आकड्यापुढं बारीक रेघ असली की ती नंतरची. रेघ नसली तर मूळ छपाईची. मूळची तो चवडीच्या वर ठेवायचा.

"गणपतीच्या मंडळांना हीच द्या की," म्हणायचा.

मला ठेका चुकलेला खपत नाही आणि त्या मूळच्या रेकॉर्डीत शेवटच्या कडव्याआधी झांज लवकर पडायची. कंपनीनं आरती पुन्हा रेकॉर्ड केली होती ती त्यामुळंच. एकदा मी त्याला तसं बोललो.

तो रेकॉर्ड पुसतच राहिला. "ती झांज माझीच हाय. दुसऱ्या वेळंला त्यांनी दुसरा माणूस बशिवला. नव्या रेकॉर्डीत चूक न्हाय, पर त्यात मी बी न्हाय."

तेव्हापासून मी मूळचीच द्यायला लागलो. पुढं तो यायचा थांबला.

आमच्या गल्लीत आता आरती तोंडानंच म्हणतात. शेवटच्या कडव्याआधी सगळ्यांच्या झांजा जरा लवकर पडतात. एखादा नवा भाडेकरू तेवढा बरोबर वाजवतो, आणि सगळे त्याच्याकडं वळून बघतात.