ओल्या रंगावरचा पंजा

जम्मूजवळच्या लष्करी वर्कशॉपमध्ये मी व्हेइकल पेंटर होतो. सकाळी पीटी, मग फॉल-इनची हजेरी, मग दिवसभर हातात स्प्रे गन. जुन्या गाड्या घासायच्या, काचा आणि दिवे कागद-टेपने झाकायचे, रंग मारायचा. इंजिनाच्या नंबर प्लेटवर मात्र टेप नाही, ग्रीस. रंग ग्रीसवर बसतो, फडक्याने पुसला की प्लेट जशीच्या तशी. "नंबर रंगला तर गाडी अनाथ," सुभेदारसाहेब म्हणायचे.

नाईक विनायक आमचा मेकॅनिक. मी विरारचा, तो शेजारच्या नंदाखालचा, म्हणजे भांडायला हक्काचा माणूस. त्याला एकच खोड होती. रंग वाळला का ते हात लावून बघायचा, तेही नेहमी वाळायच्या आधी. मी शिव्या घालायचो, तो हसायचा, मी पुन्हा गन उचलायचो.

एका हिवाळ्यात तो रिकव्हरी गाडी घेऊन वरच्या पोस्टकडे गेला. बंद पडलेला ट्रक ओढून आणायचा होता. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "ट्रक हुकाला अडकवलाय. निघतोय. ओव्हर." थोड्याच वेळात त्या रस्त्यावर तोफेचा गोळा पडला. आम्ही बराच वेळ हाका मारत राहिलो. विनायक त्या रस्त्यावरून परत आलाच नाही.

पेन्शनवर आल्यावर मी विरारच्या चंदनसारला फ्लॅट घेतला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. विनायकच्या वडिलांनी, बापूंनी, निरोप धाडला. त्यांच्या नंदाखालच्या वाडीतल्या पाणी उपसायच्या इंजिनाला खाऱ्या वाऱ्याने गंज चढला होता. रंगवलं नाही तर ते भंगारात जाणार होतं. पण त्याच्या डिझेलच्या टाकीवर जुन्या हिरव्या रंगात एक पंजा उमटलेला होता. शेवटच्या सुट्टीत विनायकने ती टाकी रंगवली होती, आणि अर्थातच हात लावून बघितला होता.

"इंजिन रंगव, पन ह्याला धक्का नको," बापू म्हणाले.

मी जवळ जाऊन टाकी बघितली. जुना रंग पापुद्र्यासारखा झाला होता, टेप लावली तर पंजा टेपेबरोबर निघून आला असता. मी पंजावर हलक्या हाताने ग्रीस फासलं, वरून कागद ठेवला. बाकीचं इंजिन गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, गंज घासून काढला. आचोळ्याच्या गॅरेजमधून कॉम्प्रेसर आणला, केळींच्या आडोशाला ताडपत्री बांधली आणि गन चालू केली.

काम अर्धं झालं आणि समुद्राकडून वारा फिरला. कागद उडाला. गनचा फवारा थेट पंजावर गेला, सगळी टाकी एकसारखी हिरवी झाली.

बापू माडाच्या बुंध्याशी खाली बसले. "गेला," एवढंच म्हणाले.

"थांबा, बापू. खाली ग्रीस आहे."

मी फडकं घेतलं. एका बाजूने पुसत गेलो. आधी अंगठा दिसला, मग बोटं, मग सगळा पंजा. बापूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही.

चहा प्यायला आम्ही ओटीवर गेलो. मी त्यांना बजावलं होतं, आता संध्याकाळपर्यंत कोणी शिवायचं नाही. बापू चहा संपवून आधीच उठले. मी मागून येऊन बघतो तर पंजाच्या शेजारी ओल्या रंगात एक ताजा ठसा. बापू हात धोतराला पुसत उभे होते.

"वाळला का ते बघत होतो," ते म्हणाले. "आमच्या घरात सबूर कुनालाच नाय."

विनायकची खोड कुठून आली ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मी पोटभर हसलो. तो ठसा तसाच ठेवला, गन धुतली आणि पेटीत ठेवली.