मानद सल्लागार कालिंदीबाई

नाव : कालिंदी रघुनाथ बर्वे. वय : छप्पन्न. निवास : डमडम, कलकत्ता. व्यवसाय : मुलींच्या शाळेत गणित शिकवणे. विशेष अर्हता : उखाणे रचणे, पतीचे नाव घेण्याच्या कामी शहरातील मराठी स्त्रीवर्गाच्या मानद सल्लागार.

हे पद मध्यंतरी नुसतंच उरलं होतं. इथे जन्मलेल्या मुली नवऱ्याला सरळ नावानं हाक मारू लागल्या, उखाणा कशाला? मग बदलीवर आलेल्या एका बँक अधिकाऱ्याच्या बायकोनं, वैशालीनं, हळदीकुंकवाला उखाण्यांचा आग्रह धरला. पुण्यात म्हणे हे सगळं 'बॅक इन फॅशन' होतं. कालिंदीबाईंना ते फार पटलं. चौऱ्याहत्तर साली रोज संध्याकाळी वीज जायला लागली, तेव्हा माळ्यावरच्या कंदिलाची काच पुसताना त्या म्हणाल्या, "बॅक इन फॅशन." मग हातपंखाही त्यात आला. रॉकेलच्या रांगेला मात्र हे लागू नव्हतं. ती कधी गेलीच नव्हती.

त्याच वर्षी त्यांच्या भाचीचं, स्मिताचं, नागपूरच्या मुकुंदशी लग्न ठरलं. स्मिताचं मराठी बेताचंच. भांडायची ती बंगालीत. पहिल्या दिवशी हसलेलं सासर जन्मभर हसतं, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं. नाव घेताना हसं होईल या धास्तीनं तिची अन्नावरची वासना उडाली. मावशीनं गंगेवरचा भारदस्त उखाणा रचला आणि पाढ्यासारखा घोकून घेतला.

लग्नाच्या संध्याकाळी, भर पंगतीत, स्मिता "गंगेच्या" एवढं म्हणाली आणि दिवे गेले. त्यांच्याबरोबर उखाणाही गेला. अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. मावशी पुढचा शब्द पुटपुटणार, तोच स्मिताचा आवाज आला :

"दिवे गेले कलकत्त्याचे, झाला सगळा काळोख;
मुकुंदरावांचं नाव घेते, आत्ताच झाली ओळख."

सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. गुरू कोण, असं त्यांनी विचारलं. स्मितानं अभिमानानं मावशीचा हात धरून पुढे केला. काळोखात गळ्यात काय आहे, काय नाही, कुणाला दिसतंय?

"मग विहीणबाई, आता तुमचं होऊ द्या."

मुलीकडची मंडळी पानात बघू लागली. म्हणजे जिथे पान असावं तिथे.

"माझं अजून फॅशनमध्ये यायचंय," म्हणत कालिंदीबाई कंदील लावायला उठल्या.

रघुनाथ हे त्यांच्या वडिलांचं नाव. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं.