लिमयेबाईंचं गिऱ्हाईक

जाहिरात लिहायच्या आधी लिमयेबाई एक माणूस तयार करत. त्याला नाव देत, पत्ता देत, गुडघेदुखी किंवा खडूस सासू असं काहीतरी मागे लावून देत आणि मगच कागद पुढे ओढत. सदाशिव पेठेतल्या त्या तीन टेबलांच्या जाहिरात कचेरीत मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की, नळस्टॉपच्या कुसुमताईंना हा मिक्सर परवडायचा नाही. या कुसुमताई कोण, हे मी आठवडाभर शोधत होतो. त्या कुठेच नव्हत्या.

मी बावीस वर्षांचा होतो, तरी बाई मला अहो-जाहो करत. "माल कोण घेणार ते आधी डोळ्यांपुढे उभं राहू द्या," त्या सांगत. "विशेषणं कोण लावतं? ज्याला गिऱ्हाईक दिसलेलं नसतं तो." माझ्या पहिल्या मजकुरातली सगळी विशेषणं त्यांनी खोडली. उरलं ते दुकानाचं नाव आणि पत्ता. आता बरं झालं, म्हणाल्या.

एका साडीवाल्यांना भव्य सेलची जाहिरात हवी होती. बाई दिवसभर त्यांच्या दुकानात बसून आल्या आणि एवढंच लिहिलं की, आमच्याकडे नवऱ्यांना बसायला खुर्च्या आहेत आणि वाचायला पेपर. साडीवाले खवळले, कारण खुर्च्या नव्हत्याच. मग आणा, असं बाई शांतपणे म्हणाल्या. त्या दिवाळीत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. धंद्यातल्या कल्पकतेवर हल्ली मी पुष्कळ भाषणं ऐकतो. ती बहुधा खुर्चीवर बसलेल्या नवऱ्यापर्यंत पोचत नाहीत.

पुढे ती कचेरी बंद पडली. मी हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो, जिथे गिऱ्हाईक म्हणजे पडद्यावरचा आलेख. बाई घरूनच किरकोळ कामं करत. धायरीला एका बिल्डरने ज्येष्ठांसाठी निवास बांधला आणि त्याच्या जाहिरातीचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी हट्टाने बाईंना बोलावलं. त्यांना काम मिळावं हे होतंच, पण मी कुणाच्या हाताखाली शिकलो ते साहेबांना दाखवायचंही होतं.

बाई नमुन्याच्या खोलीत एक अख्खा दिवस काढून आल्या. बैठकीत त्यांनी आधी विचारलं की, खोलीत गॅसची शेगडी का नाही. चहा वेळेवर खोलीत येईल, असं बिल्डर म्हणाले.

"वेळ कोणाची?" बाईंनी विचारलं.

त्यांनी लिहून आणलं होतं, 'इथे चहा तुमच्या हातचा.' आधी शेगडी द्या, मग ही ओळ छापा, असं त्यांचं म्हणणं. बिल्डर हसले. खोली घेणारी मुलं परदेशात आहेत, म्हातारीशी कसलं बोलताय, मुलांशी बोला, म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काम हातचं जातंय हे मला दिसत होतं. मी डोळे मिटले आणि बाईंनी शिकवलं होतं तसाच एक मुलगा उभा केला. परदेशात नोकरी, रविवारी आईला फोन, फोन ठेवल्यावर अर्धा तास गप्प. मग वहीत लिहिलं, 'तुम्ही दूर आहात. आई एकटी नाही.'

सगळे खूश झाले. बाईंनी चष्मा काढून पुसला. ओळ चांगली आहे, म्हणाल्या.

"आईला विचारलंत का?"

मी वही मिटली. त्यांनी आपला कागद पर्समध्ये ठेवला. त्यानंतर त्यांनी कुणाचंच काम घेतलं नाही.

तीन वर्षांनी जिन्यात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा मंदार कॅनडात. त्या धायरीच्या त्याच निवासात राहायला गेल्याचं कळलं तेव्हा मी चरकलो. भेटायला गेलो आणि हीच जागा का, असं विचारलं. जागा बघितलेली होती, अनोळखी ठिकाणी जाण्यापेक्षा बरं, असं त्यांनी सांगितलं, आणि मला हायसं वाटलं. साडेतीनला चहा आला. त्यांनी तो तसाच निवू दिला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वर्षभरात मी दोनदाच गेलो. हिंजवडीहून धायरी लांब पडते, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. याची मला लाज वाटते.

दुसऱ्या भेटीनंतर महिन्याभरात बाई गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मी मंदारला भेटायला त्यांच्या पेठेतल्या घरी गेलो. मी आईच्या हाताखाली काम केलं होतं, एवढंच त्याला माहीत होतं. तो बराच वेळ आईच्या पडण्याबद्दल, पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिला. मग म्हणाला, "तिला तिकडे ठेवायचं माझ्या मनात नव्हतं हो. फोनवर एक जाहिरात आली. तुम्ही दूर आहात, आई एकटी नाही. ऑफिसात बसून रडलो मी त्या दिवशी. मग आईला विचारत राहिलो, शेवटी तीच जाहिरात तिला पाठवली. तोवर ती नाहीच म्हणत होती."

ती जाहिरात माझी, हे मला त्याला सांगता आलं नाही. वाचून बाई काय म्हणाल्या, एवढंच मी विचारलं.

"म्हणाली, ज्यानं लिहिलंय त्याला तू बरोबर दिसलायस. जाते मी."