दगडापाशी न थांबणारा इमेदा

आमच्या आल्वानी गावात इमेदा बुक्वाइद्झेबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि पाहुण्याला वर डोंगरात, तुशेतीत पाठवायची वेळ आली की सगळ्यांना इमेदाच आठवतो. मीही त्यातलाच. मी मेंढीच्या दुधाचं चीज करतो, उन्हाळाभर वर ओमालो गावात असतो. माझं मीठ, माझ्या कातडी पिशव्या आणि मी, अशी सगळी वरात वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीतून आबानोची खिंड चढत आली आहे.

माणूस तुसडा. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, आमच्याकडे तुसडे पुष्कळ आहेत. तक्रार आहे ती दगडांवरून.

खिंडीच्या रस्त्यावर जिथे जिथे कोणी दरीत गेलं, तिथे घरच्यांनी दगड उभा केला आहे. काळ्या पाटीचा दगड, त्यावर माणसाचा चेहरा कोरलेला, पायाशी फळी, फळीवर द्राक्षाच्या दारूची बाटली आणि उपडे पेले. जाणारा ड्रायव्हर थांबतो, मेलेल्याचं नाव घेतो, चार थेंब मातीत सांडतो आणि उरलेलं पितो. इमेदा सपाटीवरच्या दगडांपाशी थांबतो, नाव घेतो आणि पेला अख्खाच्या अख्खा मातीत ओततो. गाडी हातात आहे तोवर ओठाला थेंब लावायचा नाही, असा त्याचा नेम. “मातीलाच चढायची अशानं,” असं आम्ही त्याला चिडवायचो. हेही चालवून घेतलं असतं. पण ओल्या वळणावर तो थांबतच नाही, आणि तिथला दगड त्याच्या पोटच्या पोराचा आहे.

ओलं वळण म्हणजे धबधब्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं ते. उभा चढ, खाली बुळबुळीत पाटीचे थर, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. तिथे जुन्या काळच्या एका ड्रायव्हरचा दगड होता. इमेदाचा मुलगा तेदो त्याला मान द्यायला थांबला, प्यायला, परत गाडीत बसला. हँडब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरली, त्यानं घाबरून स्टिअरिंग फिरवलं, गाडी आडवी झाली आणि गेली. आता तिथे दोन दगड आहेत, म्हणून आम्ही दोन पेले पितो. इमेदा मात्र दुसऱ्या गिअरमध्ये नाकासमोर बघत निघून जातो. बाप आहे की कोण आहे, असं मी त्याच्या मागच्या सीटवर बसून कितीदा तरी म्हटलं आहे.

तेदोच्या मागे राहिली त्याची बायको मारेखी. खालच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातली पोरगी, डोंगराशी तिचा संबंध लग्नानंतरचा. ओमालोत त्यांचं घर आहे, उन्हाळ्यात ती तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवते. तेदो होता तोवर पाहुणे तोच आणायचा. तो गेल्यावर तिला दुसऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडाकडे बघावं लागलं. ते तिचे पाहुणे घ्यायचे आणि रस्त्यातच त्यांचं मन वळवून आपल्या मावशीकडे नाहीतर मेव्हण्याकडे उतरवायचे. इमेदा एकटा किती फेऱ्या मारणार? गेल्या उन्हाळ्यात तिचे बिछाने रिकामेच राहिले. आणखी एक उन्हाळा असा गेला तर घराला कुलूप लावून, आमच्या कितीतरी बायका गेल्या तशी, इटलीला कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईची सेवा करायला जायचं, हे तिचं ठरलेलं होतं. तिथे तिची बहीण होतीच.

तर या बाईनं माहेरचा जमिनीचा तुकडा विकला आणि फोर बाय फोर गाडी आणली. कोरी करकरीत. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

सगळं गाव बघायला जमलं. इमेदानं गाडीला एक चक्कर मारली आणि सुनेला म्हणाला, “खाली झोप.”

“कुठे?”

“गाडीखाली.”

“मामंजी, लोक बघताहेत.”

“बघू देत. दगड बघणार नाहीत, ते सरळ लागतील. सगळ्यात खाली काय लोंबतंय ते हात लावून बघ आणि मला सांग.”

मारेखी स्कर्ट सावरून चिखलात आडवी झाली. बायका पदराआड हसाव्या तशा हातांआड हसल्या. कोणीतरी ओरडलं, “इमेदा, सुनेला गाडीखाली घालायला एवढी नवी गाडी कशाला रे?” मीही हसलो. ती खालून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं, आणि कोणत्या चाकाच्या आत कसला गोळा लोंबतो हे तिनं न अडखळता सांगितलं.

मग रोज नदीकाठच्या गोट्यांवर त्यांची शाळा भरायची. मी मीठ आणायला त्याच वाटेनं जायचो, त्यामुळे मलाही बरंच पाठ झालं. डांबर संपलं की टायरची हवा कमी करायची, मऊ टायर दगडाला धरतो. लो गिअर रुतल्यावर टाकायचा नसतो, रुतायच्या आधी टाकायचा असतो. “पाण्यात पडल्यावर पोहायला शिकतेस का तू?” अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतं. नदी ओलांडायची तर आधी आपण चालत ओलांडायची. उतारावर ब्रेकवर नाचायचं नाही, गिअरवर उतरायचं. चढ असो की उतार, सरळ जायचं, तिरकं जायचं नाही. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय काढायचा, दाबायचा नाही.

“आणि गाडी मागे घसरली तर?” मारेखीनं एकदा विचारलं.

इमेदानं नदीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, “मागचा गिअर टाकायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. थांबलेलं चाक घसरतं, फिरणारं चाक ऐकतं. स्टिअरिंग सरळ ठेवायचं आणि जसे आलो तसे मागे जायचं.”

“ब्रेक सोडायचा? गाडी मागे जात असताना?”

“हो. म्हणून तर लोक मरतात. सोडवत नाही.”

ते त्यानं तिच्याकडून इतक्यांदा करून घेतलं की शेवटी शेवटी मलाच चक्कर यायला लागली.

बुलडोझरनं बर्फ बाजूला करून खिंडीचा रस्ता मोकळा केला, त्या आठवड्यात त्यानं तिला अट सांगितली. “तू चालव, मी शेजारी बसतो. ओमालोपर्यंत गाडीत मी तोंड उघडणार नाही. मला तोंड उघडावं लागलं तर गाडीची किल्ली माझ्याकडे. मग यंदा तू वर येऊ नकोस.”

“म्हणजे मी इटलीला जाऊ?”

“इटलीत तरी जिवंत राहशील,” इमेदा म्हणाला.

मी मिठाची पोती घेऊन मागे बसलो. मारेखीनं पट्टा लावला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडी काढली. डांबर संपलं तिथे उतरून तिनं स्वतःच टायरची हवा कमी केली. खरं सांगायचं तर बाई चांगली चालवत होती. वरून गाडी आली की चढणाऱ्याला आधी वाट असते, हे समोरच्यांना माहीत असूनही ते तिला बघून मुद्दाम मध्ये उभे राहायचे. ती हॉर्न न वाजवता तशीच थांबून राहायची, शेवटी तेच शिव्या देत मागे जायचे. इमेदा गुडघ्यांवर हात ठेवून फोटोतल्यासारखा बसला होता. सपाटीवरच्या दगडांपाशी ती थांबली, सासऱ्यासारखाच पेला मातीत ओतला. मी मात्र माझा वाटा रीतसर घेतला. कोणीतरी घ्यायलाच हवा.

आणि मग ओलं वळण आलं.

पाण्याचा आवाज ऐकू आला तशी तिनं वळणाखालच्या सपाटीवरूनच लो गिअरमध्ये गाडी घातली. चढ अर्धा झाला. तेदोचा चेहरा दिसला. बर्फानं दगड जरा कलला होता, त्यामुळे तो आमच्याकडे वाकून बघतोय असं वाटत होतं.

“थांब गं,” मी म्हणालो. बाटली माझ्या हातातच होती. “नवऱ्याचा दगड आहे.”

गाडी चढतच राहिली.

“मारेखी! सासरा थांबत नाही ते त्याचं त्याच्यापाशी. तूही तशीच जाणार? पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं आलीस, आणि त्याला तोंड न दाखवता?”

तिनं एकदा इमेदाकडे बघितलं. तो समोर बघत होता. तिचा पाय हलला, गाडी थांबली. मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला, आणि जमीन माझ्या पायाखालून पुढे सरकली.

जमीन नव्हे, गाडी मागे निघाली होती. तिनं ब्रेक गच्च दाबला. चारही चाकं थांबली आणि गाडी तशीच, चाकं न फिरता, पाटीवरून लोण्यावरून जावी तशी घसरत राहिली. मागचा भाग दरीकडे वळायला लागला. मी ओरडलो. कोणत्या कोणत्या देवांची नावं घेतली ते मला आठवत नाही. इमेदा ओरडला नाही. त्याचा डावा हात गुडघ्यावरून उठला, हँडब्रेकच्या वर हवेत आला आणि तिथेच थांबला. मला तो हात स्पष्ट दिसत होता.

मारेखीनं मागचा गिअर टाकला आणि ब्रेक सोडला.

एक धक्का बसला, चाकं फिरायला लागली. स्टिअरिंग सरळ झालं. गाडी गुरगुरत, माणूस उलट्या पावलांनी जिना उतरतो तशी, पाण्यातून मागे मागे येत वळणाखालच्या सपाटीवर येऊन उभी राहिली. तिनं इंजिन बंद केलं. धबधब्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. माझी अर्धी बाटली मिठाच्या पोत्यावर सांडली होती.

ती रडली नाही. किल्ली काढून तिनं इमेदासमोर धरली. “चुकलं, मामंजी. थांबायचं नव्हतं. घ्या.”

इमेदानं किल्ली घेतली नाही. बोललाही नाही. गाडीत तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही.

मग मारेखी उतरली. मागून दोर आणि ताडपत्री काढली आणि चालत चढाला लागली.

“कुठे निघालीस?” मी विचारलं.

“तेदोला खाली आणायला.”

“वेड लागलं का तुला? मेला तिथेच दगड असतो! असा कोणी हलवतं का? गाव काय म्हणेल?”

“गावाला म्हणावं, इथे सपाट आहे, इथे थांबा,” ती मागे न बघता म्हणाली. “उतुर्गाकाका, माझ्यामागून त्याच्यासाठी तिथे आणखी माणसं थांबणार. आज तुम्ही थांबणार होतात. उद्या कोणी मेलं तर तिसरा दगड. त्या जुन्या ड्रायव्हरच्या घरच्यांनाही दगड हलवायचं मी विचारणार आहे. आता येताय का दोर धरायला?”

मी इमेदाकडे बघितलं, म्हटलं हा तरी तिला अडवेल. तो आधीच गाडीतून उतरून तिच्या मागे चालायला लागला होता.

दगड कललेला होताच, बूड सैल झालेलं. आम्ही तिघांनी तो ताडपत्रीवर आडवा केला, दोर बांधला आणि पाण्यातून बसत, घसरत, एकमेकांवर खेकसत खाली आणला. खेकसत होतो तो मीच. कोणाचा मेलेला मुलगा आणि कोणाची कंबर, असंही मी म्हणालो, आणि इमेदानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. सपाटीच्या कडेला, रस्त्यापासून आत, तिनं गाडीतल्या फावड्यानं खड्डा केला. दगड उभा राहिला. मारेखीनं ओढणीनं तेदोच्या चेहऱ्यावरचा चिखल पुसला, फळी ठेवली, पेले उपडे घातले.

मी एक पेला सुलटा करून भरला आणि सवयीनं इमेदापुढे धरला. तो ओतणार मातीत, हे मला माहीत होतं. दारू वाया जाताना बघायची मला सवय झाली होती.

इमेदानं पेला घेतला. “तेदो,” तो म्हणाला. दगडासमोर त्यानं मुलाचं नाव घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चार थेंब मातीत सांडले आणि उरलेलं एका घोटात प्यायला. मग तसाच उभा राहून रडला, तोंड न झाकता, आवाज न दाबता, आणि मलाही फार वाईट वाटलं. बऱ्याच वेळानं त्यानं रिकामा पेला पुन्हा पुढे केला. मी भरला. तोही त्यानं संपवला.

“मामंजी,” मारेखी हळूच म्हणाली. किल्ली अजून तिच्या मुठीत होती. “मग परीक्षेचं काय?”

इमेदानं हाताच्या पाठीनं मिशी पुसली.

“मी प्यायलोय, पोरी,” तो म्हणाला. “आता गाडी मला चालवता येत नाही.” आणि मागचं दार उघडून तो माझ्या मिठाच्या पोत्यांपाशी जाऊन बसला.