काशी झाली, प्रकाशा राहिलं

प्रकाशा गाव सोडलं त्या सकाळी आप्पांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "लोके काशी करीसन आठे येतस. तू बी येत ऱ्हाय." नोकरीला निघालेल्या मुलीला वडील काही शहाणपणाचं सांगतील म्हणून मी कान टवकारले होते, आणि हे! पुण्यापर्यंत मला हसू येत होतं.

तुम्हा गावातल्यांना सांगायला नको, पण बाहेर पडलेले आम्ही विसरतो. काशी केलेल्याने आपल्या पुष्पदंतेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. तापीत अंघोळ करून असे यात्रेकरू वर यायचे, आणि आमचं घर घाटाच्या वाटेवरच. आप्पा प्रत्येकाला हाक मारायचे, "जेवाना बगर जावानं नई." मला भारी राग यायचा. ऐन परीक्षेत ओट्यावर कोणीतरी अनोळखी भाकरी मोडत बसलेलं असायचं. आप्पा स्वतः काशीला कधीच गेले नाहीत.

म्हातारपणी त्यांनी घर विकलं आणि माझी माय नि ते दोघं पुण्यात माझ्याकडे आले. आप्पा तिथेच गेले. यंदा मी मायला काशीला नेलं आणि परतीची फ्लाइट थेट पुण्याची काढली. प्रकाशाची लेक आणि प्रकाशालाच विसरले! घरी आल्यावर माय गंगेचा गडू उघडू देईना. "मन्ही यात्रा आजून पुरी नई व्हयनी." तिचे गुडघे धरलेले, डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते. पण त्या बंद गडूकडे बघत ती धड जेवतही नव्हती. शेवटी निघालो.

दर्शन झालं. परतताना मी आमच्या जुन्या घराकडे बघायचं टाळत होते. ओट्यावर त्या घरची नवी सून उभी होती. तिने मायच्या हातातला गडू पाहिला.

"काशी करीसन उनात का माय? हात-पाय धुवा. जेवाना बगर जावानं नई."

मी जागीच थांबले. ती सांगू लागली, "ज्यास्नी हाई घर इकं, त्यास्नी एवढंच मांगेल व्हतं." घर विकताना घातलेली ही अट आप्पांनी आम्हाला कधी सांगितलीच नव्हती.

"कोनता गावना शेतस तुम्ही?" तिने विचारलं.

माय पाटावर बसत म्हणाली, "आठलाच. प्रकाशानाच."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची डाळ. मी रडत रडत दोन भाकरी खाल्ल्या. उठताना मायने गडू उघडला आणि पहिलं पाणी त्या सुनेच्या ओंजळीत घातलं. घर आता आमच्या नावावर नाही, पण आल्यागेल्याला ते अजून जेवू घालतं. मला तेवढं पुरे.

आप्पा, आले हो मी. पोटभर जेवले.