साहेबाच्या बाळाचा करदोटा

ती घटना आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, दरोडे पाहिले, खाडीत फुगून आलेली प्रेतं पाहिली. ती सगळी आता एकमेकांत मिसळली. ही तेवढी वेगळी राहिली आहे.

माझं शिक्षण जेमतेम. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन पेन्शनीत निघालो, ते काही लिखापढीच्या जोरावर नव्हे. तेव्हा वाचणाऱ्याने शुद्ध-अशुद्ध बघू नये. नावं कुणाचीच देणार नाही, माणसं अजून कोपरीत आणि कल्याणात नांदताहेत. माझ्या बायकोचंही देणार नाही. ती होती तेव्हा कधी नाव घेतलं नाही. आता ती नाही, आता कुणासाठी घेऊ?

मी तेव्हा ठाण्याला जमादार होतो. साहेबलोक विलायतेला घरी जाताना लेकरं सांभाळायला इथली बाई बोटीवर सोबत नेत. तिला आया म्हणत. त्यांच्याच घरात राहायचं, लेकराजवळ निजायचं, त्याचं हगणं-मुतणं काढायचं. ख्रिस्ती बाया जात, आमच्यातल्या सहसा जात नसत. दर्या ओलांडला की जात वाळीत टाकी.

सकाळची हजेरी चालली होती. पहाऱ्यावरचे शिपाई कंदील पुसून ठेवत होते. तेवढ्यात कोपरीचा एक तरणा गडी चौकीत शिरला. मिठागरावरचा, पाय मिठाने फुटलेले.

"जमादार, माजी भावजय गायब हाय."

"कधीपासून?"

"परवापासून. आई म्हंते माहेरी गेली. माहेर दिव्याला. मी जाऊन आलो, तिथं नाय."

"तुझं-तिचं काही भांडण?"

"भांडण कसलं? भाऊ माजा खाडीत बुडाला. तिच्यासंगं माजा पाट लावायचं ठरलंय. घरातली बाई घरात ऱ्हाईल."

"तिला विचारलंस?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू बैलाला विचारून नांगराला जुंपलास का, असंच मी म्हणालो होतो.

त्याच्या आईला बोलावलं. म्हातारी वाळलेली, पण ताठ.

"सून कुठं आहे?"

"माहेरी."

"माहेरी नाही."

"मंग मावशीकडं."

"मावशी कुठं असते?"

"लांब."

खोटं बोलणारा उत्तर द्यायला घाई करतो. ही घाई करत नव्हती. एकेक दार दमानं लावत होती. चोरी लपवणारा माणूस असं बोलत नाही, अब्रू लपवणारा बोलतो. अशा माणसाला काठी दाखवून काही उपयोग नसतो. मी तिला चौकीमागच्या पोलीस लाइनीत आमच्या घरी पाठवली. "पाणी पी, बस, मग बघू," म्हणालो.

थोड्या वेळाने बायकोने दारातून हाक मारली. "अहो, इकडे या. पगडी काढून या."

पगडी काढून गेलो. म्हातारीपुढे गूळ होता आणि डोळ्यांना पाणी.

"विलायतेला गेली, बाबा. मीच धाडली तिला. ह्याच्याशी पाट नको, दुसरं लगीन नको म्हनत व्हती. रोज रातीला तोंडात पदर कोंबून रडायची. कल्यानला एक बटलर भेटला. साहेबाचं कुटुंब निघालंय, आया पायजे, म्हनला. कुणाला सांगू नको, जात वाळीत टाकील, असं बी त्यानंच शिकवलं. मी म्हनलं, जा पोरी. हितं तरी कोण तुजं ऐकतंय?"

इथवर गुन्हा काही नव्हता. बाई सज्ञान, आपल्या पायांनी गेलेली. सासू राजी. दिराला समज देऊन परत पाठवायचं, एवढंच काम उरलं होतं. पण बायको म्हणाली, "हिची शेजारीण बाहेर उभी आहे. तीसुद्धा गेली होती बंगला बघायला. तिचंही ऐका."

शेजारीण आत आली, ती बोलतच आली. "माजा नवरा म्हनला तंगडं मोडीन, म्हनून मी ऱ्हायले. नायतर मी बी बोटीत असते, बाय!"

"मेमसाहेब पाहिलीस?"

"बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. आजारी हाय म्हनला बटलर. नुसता झगा अन् टोपी दिसली. पन बाळ पायलं! गोरं पान, घारं. माज्या मांडीवर मुतलं मेलं! मीच झगा बदलला. अन् काय सांगू मेमची माया! बाळाच्या कमरेला करदोटा बांधलेला, काळा, मणी ओवलेला. साहेबलोक असून आपली रीत पाळतात. तितंच आमी दोघींनी ठरवलं, घर चांगलं हाय."

बायको सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

मी कलेक्टरसाहेबाच्या तळावर पहारा केलेला माणूस. गोरी लेकरं नागडी आंघोळ करताना पाहिली होती. त्यांच्या कमरेला कधी दोरा दिसला नव्हता.

"अहो, ते लेकरू आपल्यातलंच कुणाचं तरी आहे," बायको म्हणाली. "आई झगा घालू देईल, टोपी घालू देईल. करदोटा काही काढू देणार नाही."

म्हातारीला अजून कळलं नव्हतं. "म्हंजी काय?" ती आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मग कळलं. गुळाचा खडा तिने परत ताटलीत ठेवला.

आमच्या फौजदारांना वर्दी दिली. ते म्हणाले, "जमादार, करदोट्यावर धाड घालणार?" मी म्हणालो, "घालतो, साहेब. खोटं ठरलं तर माझ्याच कमरेला बांधा." ते हसले आणि दोन शिपाई दिले. आगगाडीने कल्याण गाठलं.

बंगला खाडीच्या अंगाला, एकीकडे होता. दाराला कडी नव्हती. आत चिकाचा पडदा तसाच लटकत होता. त्याच्यामागे एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीला मेमचा झगा अडकवलेला, वर टोपी. मेम अशी कुणी नव्हतीच. बाया त्या झग्याला नमस्कार करून गेल्या होत्या. माझ्याबरोबरचा शिपाई चांगला दांडगा, पण तो दोन पावलं मागे सरकला.

बटलरला शोधत फिरलो असतो तर दिवस गेला असता. चोर हुशारीने लपतो. लेकराची आई लपत नाही, तिला पाणी भरायला यावंच लागतं. विहिरीवर गेलो आणि सरळ विचारलं, "घाऱ्या डोळ्यांचं गोरं पोरगं कुणाचं?" बाया हसल्या. एकीने बोट दाखवलं. "त्या गलबतावरल्या तांडेलाच्या शेजारणीचं. साहेबच म्हनतो आमी त्याला."

आई विशीतली असेल. पोर कडेवर. मला बघून तिने पदर पोराच्या अंगावर ओढला.

"बाळ बंगल्यात कशाला नेत होतीस?"

"न्हाई नेलं."

"झबलं वर कर त्याचं."

तिने केलं नाही. पोरानेच पाय झाडले आणि झबलं वर गेलं. काळा करदोटा, त्यात मणी.

"हा काढ म्हणाला होता ना तो?"

तिचा चेहरा पडला. "म्हनला व्हता. मी म्हनलं, जीव गेला तरी काढायची नाय. सटवाईचा हाय. माजी आधीची दोन गेली, जमादार." मग ती भडाभडा बोलली. बटलर म्हणाला होता, बंगल्यात मूल नसलेली मेम आहे, गोरं लेकरू मांडीवर घेतलं की तिला बरं वाटतं. पुढे तिला संशय आला. बाया येत, लेकरू खेळवून खूश होऊन जात. परत मात्र एकही दिसली नाही. काल तांडेलाची बायको बोलून गेली, गलबतात कौलं भरलीत, आणि कौलांमागं बाया आहेत. दर्यापलीकडच्या मुलखात घरकामाला विकायच्या.

"गलबत कधी सुटतंय?"

तिने खाडीकडे बघितलं. अवसेचं उधाण होतं. भरलेलं गलबत एरवी चिखलात रुतून बसतं, उधाणाच्या पाण्यावरच तरंगतं. पाणी काठच्या दगडी पायऱ्या चढत होतं.

"पानी भरलं की," ती म्हणाली.

आम्ही धावलो. ती पोर घेऊन मागे धावत आली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

बंदरावर बटलर सापडला. पांढरा अंगरखा, कमरेला लाल पट्टा. शिपायाने दंड धरला तसा हात जोडून म्हणाला, "हुजूर, विलायतेलाच नेतोय. साहेबाचा हुकूम आहे."

"साहेब कुठं आहे?"

"पुढं गेले, मुंबईला."

"मेम?"

"ती पण."

"झगा इथं टाकून? उघडी गेली काय रे?"

शिपाई फिसकन हसला.

पण गलबतावर काम अडलं. तांडेल म्हणाला, कौलं आहेत, मोजून घ्या. एवढी कौलं हलवायला अर्धा दिवस लागला असता. पाणी तर बुडाला लागलं होतं, गलबत हलायला लागलं होतं. खलाशी बांबू घेऊन उभे. त्यांनी दोर सोडला असता तर आम्ही तिघे काठावर बघत बसलो असतो.

मी कौलांच्या राशीजवळ तोंड नेऊन ओरडलो, "बायांनो, आत आहात का? मी पोलीस जमादार आहे!"

उत्तर नाही.

पुन्हा ओरडलो. आत काहीतरी हललं आणि लगेच गप्प झालं. तेव्हा मला कळलं. त्या ऐकत होत्या. बटलरने त्यांना पढवून ठेवलं होतं, ते पुढे जबानीत आलं: पोलीस आले तर तुम्हाला धरून घरी नेतील, जातीत सांगतील, तुमचं नाक कापलं जाईल. ज्यांना सोडवायला आलो त्या आमच्याच भीतीने श्वास रोखून बसल्या होत्या. पुढे नोकरीत पुष्कळ वर्षं काढली, पण असा बंद दरवाजा दुसरा पाहिला नाही. आतून कडी, आणि कडी लावणारा हात त्यांचाच.

त्या वेळी पोराची आई चिखलातून पुढे आली. गुडघ्यापर्यंत पाण्यात. पोराला दोन्ही हातांनी वर धरलं.

"बायांनो, आयका! मेम न्हाई! साहेब न्हाई! ह्ये माजंच लेकरू हाय वो! ज्याला तुमी खेळवलंत! करदोटा बघितला न्हाई का कुणी? सायबाचं लेकरू करदोटा बांधतं का, बाय?"

पोर घाबरून रडायला लागलं. आतल्या बायांच्या मांडीवर ते रडलेलंच होतं. त्यांनी आवाज ओळखला असणार.

मग आतून कौलावर हात आपटला. मग खूप हात. एका बाईचा आवाज आला, फुटलेला: "काडा आमाला! काडा!"

मी दोर पकडला, शिपाई तांडेलावर तुटून पडला. काठावरच्या हमालांनी कौलं उचलून पाण्यात फेकली. पंचनाम्यात फुटलेल्या कौलांचा मुद्दा पुढे वकिलाने काढला, तो वेगळा. बाया बाहेर आल्या. शेवटची कोपरीची. बाहेर पडल्यावर तिने सगळ्यात आधी त्या पोराकडे बघितलं आणि बोटांनी त्याचा करदोटा चाचपला.

खटला झाला. बटलरला आणि तांडेलाला शिक्षा झाली. पण खरी अडचण बाया सोडवल्या त्याच दिवशी ठाण्यात उभी राहिली होती. दीर चौकीच्या दारात. "माजी बाई माज्या ताब्यात द्या."

मी द्यायला निघालो होतो. कायद्याने बाई घरी पोचवली की काम संपतं. माझी बायको आडवी आली. चौकीत ती त्याआधी कधी पाऊल टाकत नसे.

"अहो, ती ज्यापासून पळाली, तिथंच परत नेऊन घालणार? मग त्या बटलरात आणि आपल्यात फरक काय?"

शिपायांसमोर बोलली. मला राग आला होता. पण बाई माझ्या घरी राहिली. सासू रोज भाकरी घेऊन तिला भेटायला यायची. काही दिवसांनी बाई माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "जमादार, खरा साहेब कुठं असतो? मना जायचंय."

"एवढं होऊन?"

"फसवलं त्यानं. काम तं खोटं नव्हतं ना?"

शेवटी मीच एका इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावर तिला घेऊन गेलो. मेम समोर आली, झग्याच्या आत खरी बाई होती. मी सांगितलं, परतीच्या बोटीच्या भाड्याचं वचन माझ्यासमोर द्या, तिथं रस्त्यावर सोडू नका. साहेब हसला. मेम हसली नाही, तिने हात पुढे करून हो म्हटलं. बाईने त्यांच्या पोरीला उचललं आणि हळूच झगा वर करून कंबर बघितली. दोरा नव्हता. मग तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

ती गेली. परत आली, पुन्हा गेली. जातीने वाळीत टाकलं, सासूने टाकलं नाही. तिथं लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचं करायला शिकली.

गेल्या वर्षी माझी बायको अंथरुणाला खिळली. मला त्यातलं काही येत नव्हतं. भाकरी करता येईना, तिची कूस बदलता येईना. ती दुखून ओरडायची आणि मी, इतक्या लोकांना कोठडीत बोलतं केलेला माणूस, दारात थिजून उभा राहायचो. एक दिवस दारात पत्र्याची पेटी टेकल्याचा आवाज झाला. केस पांढरे झालेली ती बाई. "आत्याबाईंचं कळलं," म्हणाली. माझ्या बायकोला ती आत्याबाई म्हणायची. विचारलं नाही, पेटी ठेवली आणि राहिली. तिच्या हाताखाली बायको कधी ओरडली नाही.

पोलिसात शिकवतात की माणूस हरवलं तर कुणी नेलं ते आधी शोधा. बरोबर आहे. पण ते का गेलं, हे त्याला विचारायचं असतं, हे मला माझ्या घरातून कळलं. आता तेच सांगणारी राहिली नाही.

बायको गेली त्या सकाळी त्या बाईनेच तिला शेवटची आंघोळ घातली. मी दाराबाहेर पहाऱ्याला उभा होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग दार उघडून ती म्हणाली, "या आत, जमादार. पगडी काढून या."